वजन वाढलेला तुकडा

३ ऑगस्ट, सकाळी ९.
आजपासून रोज लिहायचं. मन शांत राहतं म्हणे. माझं आहेच शांत. मेहुणा जाऊन पाच महिने झाले. वाळू मिसळलेलं खारं पाणी ओढणारा पंप फुटला, तेव्हा तो समोर उभा होता. चौकशीचा निष्कर्ष: फिटरने बोल्ट नीट आवळले नाहीत. फिटर म्हणजे तोच. पंपाचा धातू जानेवारीत लॅबमध्ये मी पास केलेला. त्यात खोट नाही. शुक्रवारपर्यंत पुन्हा टेस्ट घेतो, म्हणजे विषय संपला.

४ ऑगस्ट.
त्याच धातूचा तुकडा वाळूपाण्याच्या भांड्यात सोडला. मोटर चालू. बायको विचारत होती, दादावरचा ठपका तसाच राहणार का. म्हटलं, विज्ञान कुणाची भीड ठेवत नाही. वाक्य छान जमलं. ती उठून आत गेली.

५ ऑगस्ट, दुपारी.
भांड्यातून टक टक आवाज. मेहुणा पंपावर पाना असाच वाजवायचा. फेब्रुवारीत म्हणाला होता, भाऊजी, आवाज बद्द येतोय, आतून पातळ झालाय. मी हसलो होतो. माझ्याकडे काटा, आणि हा कानाने मोजणार. खडा अडकला असेल. दुर्लक्ष करायचं ठरवलं.

त्याच दिवशी, ४ वाजता.
खडा नाही. मोटर बंद केली तरी टक टक. कानात कापूस घातला. कापसातून जास्त स्पष्ट येतं. लॅबमधल्या बाईंना विचारलं, ऐकू येतंय का. त्या म्हणाल्या, काय? म्हणजे त्यांनाही येतंय.

६ ऑगस्ट.
तुकडा काढून वजन केलं. ०.२ ग्रॅम जास्त. जानेवारीतही असंच वाढलं होतं. झीज सोडाच, पठ्ठ्याने बाळसं धरलंय. बाईंनी विचारलं, वजनाआधी गंज धुतलात ना? म्हटलं, तीस वर्षं काय इथे भांडी घासतोय?
धुतला नव्हता. जानेवारीतही नाही. घाई होती. दाराशी कोणीतरी उभं आहे असं दिवसभर वाटलं. मला मेहुण्याची भीती वाटते. फार चांगला माणूस होता.

७ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी ११.
तुकडा ॲसिडमध्ये बुडवला, ब्रशने घासला. तपकिरी गाळ निघाला, गंज आणि रुतलेली वाळू. खाली धातूची चाळण. वाळू वरचा थर सोलते, उघडा पडलेला धातू खारं पाणी खातं, आणि दोघं मिळून बेरजेपेक्षा जास्त नासवतात. ट्रेनिंगला हे मीच शिकवतो.
वजन ३.१ ग्रॅम कमी. दोनदा केलं.
घरी फोन लावला. बायकोने पहिल्याच रिंगला उचलला. म्हणालो, दादाने बोल्ट बरोबर आवळले होते.  तिने विचारलं, मग चूक कुणाची?
डबा घरीच राहिला, म्हणालो.