सरळ चेहऱ्याचं कौतुक

नॉर्विच, ३ मार्च १७८४

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या नाटक मंडळीच्या मालकांचं, मिस्टर पेंगेलींचं, बोलावणं आलं! नव्या विनोदी नाटकातल्या मिसेस टॅरंटच्या कामासाठी पुढच्या गुरुवारी लंडनला माझी परीक्षा घेणार आहेत. ती मैत्रिणीच्या टोपीचं भरभरून कौतुक करते आणि त्यातच तिची सालटी काढते, तोच प्रवेश. ताई, हे उपरोधाचं बोलणं म्हणायचं कसं गं? हे काम हुकलं, तर बाबा मला त्या विधुर मेणबत्तीवाल्या गॉट्सच्या गळ्यात बांधणार. त्याच्या अंगाला मेली चरबीची घाण येते. लगेच कळव.

तुझ्या मायेवर विसंबलेली,
विनी

लंडन, ६ मार्च

चि. विनीस,
अ. आ.

अगं वेडे, घाबरतेस काय! लंडनचे प्रेक्षक मंद. डोळा मिचकाव, ओठ मुरड, ‘सुंदर’ म्हणताना चांगला हेल काढ, म्हणजे शेवटच्या बाकावरही कळेल की तुला उलटंच म्हणायचंय. मी वर्षानुवर्षं हेच करतेय. बाबांचा खोकला कसा आहे?

तुझं भलं चिंतणारी,
हेस्टर

लंडन, १२ मार्च

चि. विनीस,
अ. आ.

काल तू रडत गेलीस, माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तू डोळा मिचकावलास आणि पेंगेली घड्याळ बघायला लागले. मग ते काम माझ्यावरच येऊन पडलं, नाही कसं म्हणणार? मी आपलं ते टोपीच्या कौतुकाचं वाक्य साध्या चेहऱ्यानं, मनापासून म्हटल्यासारखं म्हटलं. ऐन वेळी सुचलं. गॉट्स माणूस बरा आहे गं. वासाची सवय होते.

तुझ्या लग्नाला नक्की येणारी,
हेस्टर

लंडन, १७ मार्च

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

पत्ता बघून दचकू नकोस. तुझं पत्र वाचून आधी रडले, मग असा संताप आला की तशीच गाडीत बसून परत आले. आज पेंगेलींना गाठून म्हटलं, एकच वाक्य ऐका. कंटाळून बरं म्हणाले. डोळा मिचकावला नाही, हेल काढला नाही. अगदी मनापासून सांगितलं, की आमच्या ताईसारखी गुणी नटी अख्ख्या लंडनात नाही, आणि बाई अजून पंचविशीतली दिसते.

हसून हसून त्यांना डोळे पुसावे लागले. सोमवारपासून मिसेस टॅरंट मी. तुला आत्याचं काम दिलंय. तिला एकही वाक्य नाही, मी बोलले की मान डोलवून हसायचं.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी लाडकी,
विनी