टाच, मैदान आणि आमचे चित्रकलेचे सर

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (एक पाय अजून धड नाही, तेव्हा तूर्त सप्तांग समजून घ्यावा.) तुमचं बीपी कसं आहे? मामींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना भेटायला लांबून लांबून माणसं येतात असं ऐकलं. येणारच, गुडघ्याला मान आहे. टाचेला कोण विचारतो?

फोनवर तुम्हाला सगळं सांगता आलं नाही, कारण तुमची भाचेसून शेजारी उभी राहून दुरुस्त्या करत होती. झालं ते असं. शाळेत शिक्षक विरुद्ध पालक अशी धावण्याची शर्यत होती. मी पी.टी.चा मास्तर, म्हणजे इज्जतीचाच प्रश्न. शिट्टी वाजली, मी झेप घेतली आणि टाचेच्या मागे कुणीतरी फाडकन लाथ घातली. गर्रकन वळलो आणि जो हाताला लागला त्याची कॉलर धरली. ते निघाले आमचे चित्रकलेचे सर, चुन्याची बादली घेऊन रेषा आखायला आलेले. "मागून लाथ मारता? लाज नाही वाटत?" असं मी अख्ख्या शाळेदेखत त्यांना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्यांच्याच अंगावर कोसळलो. दवाखान्यात डॉक्टरांनी मला पालथं झोपवून पोटऱ्या दाबल्या. चांगल्या पायाचं पाऊल टुणकन हललं, दुसरं ढिम्म. म्हणाले, टाचेमागची शीर तुटलीय, आणि ती तुटली की सगळ्यांनाच आधी लाथ बसल्यासारखं वाटतं. हे त्यांनी चित्रकलेच्या सरांसमोर सांगितलं, कारण मला कसरतीच्या गादीवर घालून आणणारे तेच होते. (माणसाने इतकं चांगलं वागू नये. समोरच्याला तोंड लपवायला जागा उरत नाही.)

ऑपरेशन झालं, शीर शिवली, आणि गुडघ्यापर्यंतचा एक बूट चढवला. त्यात टाचेखाली पाचरा असतात. डॉक्टरांनीच एकेक काढायची, म्हणजे शिवलेली शीर बेताबेताने ताणली जाते. पण मामा, आमच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं आणि घात झाला तो तिथेच. मोठ्या बाईंनी माझे तास दिले कुणाला, तर याच सरांना! ज्यांना धावताना चप्पल सांभाळावी लागते, त्यांना. म्हटलं, आठवड्यात तोंडघशी पडतील. तर हा गृहस्थ चुन्याने मैदानभर हत्ती काढतो आणि पोरांना सोंडेपासून शेपटीपर्यंत पळवतो. माझ्या तासाला ज्यांच्या पोटात नेमाने दुखायचं, ती पोरं घंटेच्या आधी मैदानात हजर. माझा नुसता जळफळाट झाला, तुमच्यापासून काय लपवायचं. त्यात मोठ्या बाई म्हणाल्या की सुट्टीनंतर मैदान कुणाकडे ठेवायचं ते तुमची टाच बघून ठरवू. मला मैदानाशिवाय दुसरं येतं काय हो? आणि संध्याकाळी हेच सर आमच्या घरी. तुमची भाचेसून त्यांना दोन चमचे साखरेचा चहा देते (मला साखर बंद, हालचाल नाही म्हणून) आणि "किती शांत माणूस आहे" असं मला ऐकू येईल इतपत हळू म्हणते.

ज्या दिवशी त्यांनी मगर काढली, त्या दिवशी माझा तोल सुटला. दार लावून दोन पाचरा एकदम उपटल्या, म्हटलं लवकर बरा होईन. जिना उतरायला लागलो, तर दुसऱ्याच पायरीवर पोटरीने अशी बोंब ठोकली की कठडा धरून खाली बसलो. शीर वाचली, पण डॉक्टरांनी पाचरा परत बसवल्या आणि सगळ्या पेशंटांसमोर मला शाळकरी पोरासारखं झापलं. बूट सुटायला त्यामुळे आणखी उशीर झाला.

आता बूट नाही, पण टाच रुसलेली. एका पायाच्या चवड्यावर उभं राहता आलं की मैदान, असं डॉक्टर म्हणतात. मी ओट्याला धरून उभा राहतो, चित्रकलेचे सर माझं कोपर धरतात आणि दुसऱ्या हाताने टाचेखाली ड्रॉइंगचा कागद सरकवून बघतात. परवा दोन कागद गेले. त्यांना जितका आनंद झाला तितका मलाही झाला नाही. दुसऱ्याच्या पायाचा इतका आनंद होणं मला काही बरं लक्षण वाटत नाही.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा

ता. क. – खरं काम राहिलंच. तुमच्या गावच्या शाळेचे हेडमास्तर तुमचे जुने मित्र. त्यांच्याकडे चित्रकलेची जागा रिकामी आहे असं कानावर आलंय. आमच्या सरांचं नाव सुचवा. अतिशय गुणी माणूस आहे. इथे त्यांचं चीज होत नाही. सुट्टीच्या आत झालं तर फारच उत्तम. माझं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका.

ता. क. दुसरा – पाकीट बंद करणार एवढ्यात सर आले. त्यांनी तिथे स्वतःच अर्ज केला होता आणि त्यांची निवड झाली. सोमवारी निघताहेत. म्हणजे मैदान आपोआप माझंच. मी त्यांचं अभिनंदन केलं, ओट्याला धरून उभा राहिलो, त्यांनी कोपर धरलं, आणि मला टाच उचलायचं सुचेचना. तेव्हा वरचं सगळं विसरा आणि हेडमास्तरांना गाठा. निवडीत काही घोळ झाला म्हणावं, काहीही म्हणावं. तुमच्या गावच्या शाळेची मी सरांकडेच चौकशी केली. तिथल्या पी.टी.च्या मास्तरांचे दोन्ही पाय ठणठणीत आहेत. त्यांना काय करायचेत हो आमचे सर?