आबांची रंग बदलणारी मिशी

१२ सप्टेंबर
जमला! अखेर रंग जमला! डिंकाचं पाणी, मध आणि ती अभ्रकाची चमचमती पूड — काचेवर घोटून घोटून खांदा गेला. पण कागदावर समोरून जांभळा, आणि तिरकं धरलं की हिरवा! नवऱ्याला दाखवला. माधवराव म्हणाले, "छान. पोळ्या?"

१३ सप्टेंबर
भाजे गावाहून दूध घालायला येतात ते श्रीपती आबा आज दारातच थबकले. कागद इकडून बघितला, तिकडून बघितला. "बाई, ह्या रंगात माजं त्वांड काढा." का? तर बेडसे गावच्या सरूबाईंना दाखवायला! दोघांचेही जोडीदार केव्हाच गेलेले. सरूबाईंच्या सुनेनं, सारिकानं, फोटो मागितलाय. "फोटोत मी चोरावानी दिसतो," म्हणाले. आणि चक्क लाजले!

१५ सप्टेंबर
आबा बसतात कसले! रस्त्यानं कुणी गेलं की "काय रं, कुटं?" — मान तिकडे. नाक पुसून पुन्हा काढलं. मिशी मात्र फक्कड! रंग भेगाळू नये म्हणून मध जरा जास्तच घातला. समोरून जांभळी, बाजूनं हिरवीगार — ओठावर पोपट बसल्यासारखी. "लय झ्याक!" — आबा. रविवारी सरूबाई बघायला येणार.

१८ सप्टेंबर
मुंग्या!!! मिशी खाल्ली. सगळी. फेटा तसाच, नाक तसंच, मधे कोरा कागद.

१९ सप्टेंबर
सकाळी मागच्या पडवीत नवा रंग घोटत बसले होते. तेवढ्यात आबा दूध घेऊन आले, त्यांनी चित्र बघितलं. माधवरावांनी काय सांगावं? "अरुंधतीनं मिशी काढली वाटतं." आबांना वाटलं, बाईंना आपण बिनमिशीचेच बरे दिसतो. थेट न्हाव्याकडे!

संध्याकाळी दारात कुणी परका उभा. तोंड रापलेलं, ओठावर तेवढा पांढरा पट्टा. "बाई, आता जुळतंय न्हवं?"

मुंग्यांचं सांगितलं. मटकन खाली बसले. ओठ चाचपत राहिले.

"उद्या नको म्हणून कळवू का?"

"नगं," म्हणाले. "एकट्यानं भाकरी खाऊन लय कंटाळलोय."

 मला हसूही येत होतं, आणि तेही नकोसं वाटत होतं.

२० सप्टेंबर
सरूबाई आल्या, सारिकाचा हात धरून. ते बिनमिशीचंच चित्र घेतलं, पार नाकापाशी नेलं. "लय चमकतंय." मग आबांकडे तोंड करून, अगदी गंभीरपणे — "मिशी शोभती हो तुमाला."

सगळे गार! माधवरावांना चहाचा ठसका. आबांचा हात ओठावर, कान लालबुंद. "थट्टा करा, करा. पन दुधात पानी घालत न्हाई मी!" सरूबाई खळखळून हसल्या. आबा उठले आणि चित्र न घेताच निघून गेले. हाक मारली, मागं वळूनही बघितलं नाही. माझ्या रंगांची हौस आणि त्या माणसाची अशी फजिती!

२१ सप्टेंबर
सारिकाचा फोन. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! कुणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून आबांना मिशी आहे हे गावात ऐकून तिनंच पढवून आणलेलं. ना चित्र नीट दिसलं, ना आबा. आवाज आवडला. होकार आहे! डोळ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर.

लगेच आबांना फोन लावला. होकार सांगितला, ऑपरेशनचंही सांगितलं. आबांचा पहिला प्रश्न —

"बाई, तवर मिशी यील का?"