झाड पाणी पीत नाही

अहो,

झाड पाणी पीत नाहीये. हे सांगावं असं दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. अनघा उठायला अजून अर्धा तास आहे.

हो, झाड आणलं. मीच! दर डिसेंबरला "हा आपला सण नाही" म्हणून तुमच्याशी भांडणारी मी. ऑगस्टमध्ये तुम्ही गेलात. मग गणपती नाही, दिवाळी नाही. आकाशकंदीलसुद्धा ॲटिकमधून खाली काढला नाही. "वर्षभर सण करायचे नसतात," असं मी अनघाला एकदाच सांगितलं आणि तिने ते मुकाट्याने ऐकलं. थँक्सगिव्हिंग झालं तशी मात्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, ट्री कापायला कधी जायचं?"

"या वर्षी नाही. सांगितलंय ना?"

"बट इट्स नॉट इव्हन अवर फेस्टिव्हल! यू ऑल्वेज सेड सो. मग त्याला कसला रूल?"

दहा वर्षांची पोर! हट्ट तुमचा, तोंड माझं. आयसेलिनच्या कुलकर्णी वहिनींना फोन करून विचारलं, तर त्या म्हणतात, "अगं, शास्त्रात ख्रिसमसबद्दल काही लिहिलेलं नाही बाई. ने पोरीला."

शनिवारी गेलो. फार्मवर तोच म्हातारा, तीच लाल टोपी. करवत देताना त्याने माझ्या मागे पाहिलं. "झाडाला हात जोडणारे ते गृहस्थ कुठे आहेत?" मी सांगितलं. त्याने टोपी काढली. मी करवत घेऊन चालायला लागले.

कापायच्या आधी अनघाने हात जोडले. तुम्ही जोडायचात तेव्हा मी म्हणायचे, "कापणारच आहात ना? मग नमस्काराचं नाटक कशाला?" या वेळी तिचा नमस्कार होईपर्यंत थांबले. चिखलात गुडघे टेकून कितीतरी वेळ करवत ओढली. झाड आडवं झालं तेव्हा अनघा हसली. ऑगस्टनंतर पहिल्यांदा हसली हो! म्हणून हे झाड टिकायला हवं होतं.

स्टँडचे स्क्रू सापडेनात, म्हणून झाड चार दिवस गॅरेजमध्ये पडून राहिलं. बुधवारी उभं केलं, दिव्यांची माळ सोडली. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून अनघाने तुमच्यासारखंच स्टँडच्या भांड्यात तांब्याभर पाणी घातलं. तुम्ही तुळशीला घालावं तसं घालायचात, आणि मी म्हणायचे, "मेलेल्या झाडाला कसलं पाणी घालताय?"

"मेलंय, पण पितंय ना अजून!" तुम्ही म्हणायचात.

खरंच प्यायचं. संध्याकाळपर्यंत स्टँड कोरडं.

यंदा पाणी आहे तिथेच. तिसऱ्या दिवशी फार्मवर फोन केला. म्हातारा म्हणाला, "उभं करायच्या आधी बुंध्याची चकती कापलीत ना? पहिल्या कापावर चीक वाळला की तोंड बंद होतं. आता पानांच्या सुया गळायला लागल्या असतील तर उपयोग नाही, मॅडम."

चकती! दर वर्षी तुम्ही दारात बसून बुंध्याची बोटभर जाड चकती कापायचात आणि मी ओरडायचे, "केवढा भुसा! कापून आणलेलं पुन्हा काय कापताय?" कशासाठी कापताय ते एकदा तरी सांगायचंत! तुम्ही नुसतं हसायचात. छातीत जळजळतंय, तेही आठवडाभर सांगितलं नाहीत. आणि मी तरी कधी विचारलं? मी झाडू आणून पुढ्यात ठेवायचे.

गॅरेजमधल्या खोक्यात त्या चकत्या सापडल्या. चार वर्षांच्या चार, प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात साल. पाचवी नाही.

काल अनघाने उठल्याउठल्या विचारलं, "आई, डिड इट ड्रिंक?"

मी "हो" म्हटलं. मला खोटं खपत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण तीन दिवस झाले, ती उठायच्या आत मी झाडाखाली शिरते, वाटीने पाणी उपसते आणि सिंकमध्ये ओतते. गळलेल्या सुया वेचून कागदात बांधते. मग ती खाली येते, वाकून बघते, "इट्स ऑलमोस्ट ड्राय!" म्हणून ओरडते आणि तांब्या भरायला धावते.

झाड काही टिकत नाही. फांद्या आत्ताच लवल्या आहेत. एके सकाळी सगळं अंगावर येईल आणि तिला कळेल, तुमचं कळलं तसंच, एकदम. मग माझ्या "हो"ची काय किंमत राहील? आणि त्यानंतर या घरात काय करायचं? मला काहीच दिसत नाही.

एवढाच शब्द देते. पंचवीस तारखेपर्यंत रोज तिच्या आधी उठेन.

वर नळ सोडल्याचा आवाज आला. उठली वाटतं. आजचं पाणी अजून उपसायचं आहे.

तुमची,
सुमती