कासवाचं पुढचं पान

प्रिय धाकटे,

दवाखान्यातल्या तुझ्या खोलीची खिडकी उघडते की नाही, एवढंच मला गेल्या वेळी विचारायचं होतं. पण सिस्टरबाई दाराशीच म्हणाल्या, आज नको, त्यांना कुणालाच भेटायचं नाही. म्हटलं, बरं. पिशवी त्यांच्या हातात दिली आणि जिना उतरले. रागावले नाही गं. लहानपणी ताप आला की तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस, आणि आई आम्हाला दटावायची, तिला हाका मारू नका, ती तिची ती वळेल. म्हणून मीही हाक मारत नाहीये. नुसती बाजूला बसून बोलते आहे असं समज.

लाँड्रीच्या वरची आपली बालवाडीची खोली चालू आहे. खालच्या वाफेनं जमीन अजून तशीच कोमट होते आणि पोरं अजून तशीच मांजराच्या पिल्लांसारखी त्या उबेवर गोळा होऊन बसतात. कुणी न्यायलाच आलं नाही असे कपडे इस्त्रीवाले काका अजून आपल्यासाठी बाजूला काढतात. परवा एक करडी विजार हातात देताना म्हणाले, "तुम्ही हिचा हत्ती करणार, आणि उद्या गिऱ्हाईक उगवलं तर मी काय सोंड धरून परत देऊ?" मी हसले. मग त्यांनी आवाज उतरवून तुझी चौकशी केली. मी म्हटलं, बरी आहे. हे उत्तर आता माझ्या तोंडात इतकं बसलंय की कुणी वेळ विचारली तरी तेच बाहेर पडेल.

सगळं तसंच आहे असं मात्र नाही. दोघीतिघींनी मुलं पाठवणं बंद केलं. त्यातली एक जिन्यात दुसरीला सांगत होती की शिकवणारीचंच डोकं ठिकाणावर नसेल तर. मला पाहून तिनं वाक्य तिथंच सोडलं. मी तिच्या मुलाचे राहिलेले बूट तिच्या हातात दिले. भांडायला हवं होतं, पण तू असतीस तर भांडली नसतीस, तिला आत बोलावून सुईदोरा दिला असतास. ही खोली चाललीच त्यामुळे. आठवतं, आपण आधी छापील पुस्तकं घरी द्यायचो, आणि ती तशीच कोरी करकरीत परत यायची? वाचता न येणाऱ्या आया दाराआडून हात लांब करून पिशवी द्यायच्या, जणू पोरानं काही चोरून आणलं होतं. तेव्हा तू म्हणालीस, "ताई, अक्षरच नको. मग कुणी नापास होणार नाही." आणि घरोघरी कापडाची पुस्तकं शिवली गेली, नुसती चित्रांची. नियमही तुझाच. ज्या घराचं पुस्तक, त्याच घरानं त्याची गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी फार तर पान उलटावं, तोंड उघडायचं नाही. जिना झाडणाऱ्या बाईंचा चारचौघांत शब्द फुटत नसे, पण त्यांचा हत्ती अजूनही पोराला झोप लागेपर्यंत चालतच असतो. पानात कुणीतरी आपल्यासाठी काही ठेवलेलं असतं, हे एकदा पोराला कळलं की अक्षरं मागून आपली आपण येतात, असं तू म्हणायचीस. येतात. मी रोज बघते.

आता तुझ्या लेकीचं, भिंगरीचं सांगते. मघापासून तेच टाळते आहे.

ती जेवते. तुझ्या सासूबाई तिचं सगळं प्रेमानं करतात, त्याबद्दल बोट ठेवायला जागा नाही. तुझा नवरा कामावरून आला की आधी तिला उचलतो. पण भिंगरी आता फिरत नाही गं. खोलीत येते, कोपऱ्यात बसते, आणि तू शिवलेलं कासवाचं पुस्तक मांडीवर घेते. कासवाच्या पाठीवरचं घर काढता घालता यावं म्हणून तू बटण लावलं होतंस ना, पोरांच्या बोटांना पुढे पेन्सिल धरायची सवय व्हावी म्हणून? ते काढून घालून दोरा तुटला. बटण ती मुठीत धरून झोपते. मी सुई घेतली तर हात मागे नेला. म्हणाली, आई लावेल.

गोष्टीसाठी मात्र ती सगळ्यांकडे गेली. आधी माझ्याकडे आली आणि मी, इतकी वर्षं तो नियम पाळणारी मी, झटकन ससा आणि शर्यत सांगून मोकळी झाले. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पुस्तक मिटून म्हणाली, "हे दुसऱ्याचं कासव आहे." सासूबाईंचं कासव मोठ्यांचं ऐकणारं निघालं, तेही तिला चाललं नाही. तुझा नवरा बिचारा दिवसभर लिफ्टा दुरुस्त करून येतो, त्याचं कासव लिफ्टमध्ये अडकलं. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि उठून गेली. त्या दिवशी तो माझ्या स्वयंपाकघरात बराच वेळ बसून होता. म्हणाला, मी कधी ऐकलंच नाही हो ती काय सांगायची ते. शेजारच्याच खोलीत असायचो.

मग मागल्या आठवड्यात एक नवा पोरगा आला, आई निघून गेल्यावर रडून रडून निळा पडलेला. मी चटया आवरत होते. बघते तो भिंगरी त्याच्याजवळ सरकलेली, पुस्तक उघडलेलं, आणि तिच्या तोंडून तुझा आवाज. मधेच तू टाकतेस तसा उसासासुद्धा. एक कासव होतं. त्याचं घर त्याच्या पाठीवर होतं. सगळे म्हणायचे, किती छान घर, किती गुणी कासव. पण घर रोज थोडं थोडं जड होत होतं. मग एकदा कासवानं बटण काढलं, घर खाली ठेवलं, पिल्लांना आत निजवलं, आणि म्हणालं, तुम्ही उबेत राहा. आणि ते घराशिवाय पाण्याकडे गेलं. पुढचं पान ते निळ्या शर्टाच्या कापडाचं, नुसतं पाणी. त्यापुढं पुस्तकाची पाठ.

पोरगा रडायचा थांबला होता. माझ्या हातातली चटई तशीच राहिली. पंपघराच्या राखणदारानं तुला तळ्याच्या काठावरून हाताला धरून आणलं, तेव्हापासून आम्ही सगळे एकमेकांना एकच म्हणत होतो, तिनं एका शब्दानं तरी सांगायचं होतं. तू तर रोज सांगत होतीस. आमच्यात ऐकणारं एकच माणूस होतं, आणि ते चार वर्षांचं होतं.

त्या मुलानं विचारलं, मग कासव परत आलं? भिंगरी म्हणाली, "पुढचं पान आईनं अजून शिवलं नाही." मग माझ्याकडे वळून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशी, घर काढल्यावर कासवाला थंडी वाजते का गं?" मी म्हटलं, तुझ्या आईला विचारते. पुस्तक आमच्या घरचं नाही.

त्यासाठी हे पत्र, धाकटे. तू परत कधी येणार, हे मी विचारत नाहीये. डॉक्टरांनी तसं बजावलंय, आणि त्यांनी बजावलं नसतं तरी विचारलं नसतं. सोबत एक कोरं पान ठेवलंय, उशीच्या जुन्या अभ्र्याचं, कासवाच्या मापाचं. सुई तिथं चालत नाही, म्हणून सिस्टरबाईंना विचारून पोरांच्या डब्यातला एक खडू दिलाय. कासव परतलेलंच दाखवायला हवं असं नाही, आणि खोटं तर मुळीच नको. ते काठावर बसलेलं असेल तर तसं काढ. थंडी वाजत असेल तर तसं. काहीच जमलं नाही तर पान नुसतं मुठीत धर आणि परत पाठव. तुझ्या मुठीच्या सुरकुत्या पडलेलं ते कापड मी खाली काकांना दाखवणारसुद्धा नाही. इस्त्री न करता, आहे तसं, पाण्याच्या पानापुढं शिवीन. बाकीचं भिंगरी सांगेल.

तुझीच,
हाक न मारता बाजूला बसलेली
ताई