काळी नाणी घासू नयेत

मी, लॉन्ड्रीवाला, वय वर्षे अडुसष्ट, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाचंही दडपण नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. भीती मात्र वाटते आहे. पण भीती म्हणजे दडपण नव्हे, असा वकीलसाहेबांनी निर्वाळा दिला आहे. उद्या माझी छाती उघडणार आहेत. डॉक्टर म्हणतात, रोजचंच काम आहे. त्यांचं असेल रोजचं.

१. राहतं घर, दुकान, इस्त्रीची टेबलं, वाफेचं यंत्र आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीस मिळावी. यंत्राची झडप गळते, हात जपून लावावा. दुकान चालवायचं की भाड्याने द्यायचं हे तिचं तिने ठरवावं. भावाला विचारू नये.

२. सदर भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, सोनार आहे. मी चांदी जमवायला लागलो तेव्हा घरचा माणूस म्हणून पहिली वीट त्याच्याकडून घेतली. वजन केलं नाही, शिक्का पाहिला नाही. आत पितळ निघालं. "भाऊजी, मलाच फसवलं हो त्या लोकांनी," असं म्हणून त्याने मलाच चहा पाजायला लावला. दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ती वीट तिथे लावली आहे. ती त्याला सन्मानपूर्वक परत करावी.

३. जुन्या राजवटींच्या कागदी नोटा धाकट्या मुलीस मिळाव्यात, कारण तिलाही हा नाद लागू पाहतो आहे. माझी सुरुवात एका कोटाच्या अस्तरात सापडलेल्या नोटेपासून झाली. गिऱ्हाईक म्हणालं, "आता कुठे चालतेय ती, ठेवा तुम्हीच." मग लॉन्ड्रीवाला जे करेल तेच मी केलं. हलक्या हाताने धुतली, खळ दिली, कडक इस्त्री मारली. नोटांच्या व्यापाऱ्याने ती पाहून कपाळावर हात मारला. "अहो, ही नोट आहे की शर्टाची कॉलर?"

तर मुली, नोट कडेने धरावी, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेट तर मुळीच करू नये. जो विकायची घाई करतो त्याच्याकडून घेऊ नये, मग तो मामा का असेना. इस्त्रीची नोटही तुझीच.

४. चांदीची नाणी पत्नीस मिळावीत. माझा जीव अडकला आहे तो इथे. नाणी काळी पडली आहेत आणि तशीच राहायला हवीत. तो काळा थर पाहूनच जाणकार लोक नाणं विकत घेतात, घासलं की किंमत गेली. मेहुण्याने परवाच माझ्यादेखत विषय काढला, "ताई, कसली काळीकुट्ट झालीत! वितळवून टाकू, छान कडं करून देतो." ही काही बोलली नाही. ती काही बोलली नाही याचीच मला धास्ती आहे. शिवाय डाग काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. म्हणून नाणी वितळवू नयेत, घासू नयेत, सोड्यात टाकू नयेत, फडक्याने पुसूही नयेत. हे कलम मी पुन्हा पुन्हा लिहून काढलं. वकीलसाहेब म्हणाले, "आणि घासलीच त्यांनी, तर तुम्ही काय करणार आहात?" फडक्याचं मी तेव्हा वाढवलं.

५. एक नाणं वरच्या कलमात येत नाही. मागच्या झटक्यानंतर मी दवाखान्यातून घरी आलो, तेव्हा हिने ते माझ्या हातावर ठेवलं. "बघा कसं लखलखतंय! तुम्ही येणार म्हणून घासून ठेवलं." माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि ते तिला दिसलं. त्या दिवसापासून ती नाण्यांच्या कपाटाला हात लावत नाही.

ते नाणं व्यापाऱ्याने घ्यायला नकार दिला. मी विकायला नेलं नव्हतं, नुसतं विचारायला नेलं होतं. उद्या आत नेईपर्यंत ते माझ्या मुठीत असेल. पुढे परिचारिकेने ते बाहेर बसलेल्या माझ्या पत्नीच्या हाती द्यावं. मी परत आलो नाही, तर ते तिने स्वतःजवळ ठेवावं.

आणि ते काळं पडू देऊ नये. अधूनमधून घासत जावं.

साक्षीदार: शेजारचा चष्मेवाला (सही)
समोरचा कुलूपवाला (सही, "परत येताय तुम्ही," असं म्हणत केलेली)
लिहून ठेवणार: लॉन्ड्रीवाला (सही, वाकडी आली आहे, पण माझीच)
स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी