पातेले सुनेला, दुकान शमीमला

मी, वासंती उमाकांत पाटणकर, वय एकाहत्तर, राहणार बनी पार्क, जयपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर नाही असे चिरंजीव तन्मय चारचौघांत म्हणतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. यजमानांनी विमा कंपनीत नोकरी करून बांधलेले आणि त्यांच्या मृत्युपत्राने मला मिळालेले घर तन्मयला द्यावे. तो ते विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे.

२. गल्लीच्या बाजूची गाडीची खोली यातून वगळली आहे. ती, दोन्ही शिलाई यंत्रांसह, शेजारीण आणि भागीदारीण शमीम कुरेशी, निवृत्त शिक्षिका, यांना द्यावी. तिथे आम्ही वापरलेले बुरखे, लांब बाह्यांचे कुर्ते आणि ओढण्या धुऊन, दुरुस्त करून स्वस्तात विकतो. फुकट देत नाही, कारण घेणारीला मिंधे वाटू नये. विकण्याआधी शमीम प्रत्येक कपड्याचे काठ आणि बटणे बदलते, म्हणजे लग्नकार्यात पहिल्या मालकिणीला तो ओळखू येत नाही. "दीदी, पहननेवाली की नज़र नीची नहीं होनी चाहिए," असे ती म्हणते. दुकानाचा हा नियम तिने पुढेही पाळावा.

३. "आई, आपल्या दारात बुरख्यांचं दुकान? लोक काय म्हणतील?" असे तन्मयने विचारले होते. त्याचे उत्तर इथे नोंदवते. तुझे बाबा गेले तेव्हा हे लोक दिवसकार्य उरकेपर्यंत आले, लाडू खाऊन गेले, पुन्हा फिरकले नाहीत. शमीम रोज यायची. त्या लोकांची भीती मला घालू नकोस.

४. सूनबाई मैथिली हिला स्टीलचे मोठे पातेले द्यावे. मी मोतीबिंदूसाठी दवाखान्यात असताना तिने दुकानातली पेटी उपसून सगळे कपडे जुन्यावर भांडी देणाऱ्या बर्तनवालीला दिले आणि बदल्यात हे पातेले घेतले. त्यात रुखसार नावाच्या मुलीचा निकाहचा जोड होता. पोर तो घालून, आरशात बघून, हरखून गेली होती. न्यायला आली तर पेटी रिकामी. शेवटी शमीमने स्वतःचा ईदचा जोड तिच्या मापाचा करून दिला. मी जाब विचारला तर सूनबाई म्हणतात, "जुनेच तर होते आई, मतलब, कोणीतरी घातलेले." अगं, माझ्या सासूबाईंच्या पाटल्या काय दुकानातून कोऱ्या आल्या होत्या? त्यांवर तर तुझा डोळा लग्नापासून आहे. घातलेले जिला चालत नाही तिला पाटल्या कशाला? त्या नात ज्ञानदाला द्याव्यात. पातेले कोरे आहे, मी त्यात पाणीसुद्धा तापवलेले नाही.

५. माझ्या साड्या. मेलेल्या माणसाचे कपडे घरात नकोत म्हणून मी गेले की मैथिली त्या दिवशीच बर्तनवालीला हाक मारेल. तसे करू नये. सगळ्या साड्या शमीमने न्याव्यात, त्यांचे लांब कुर्ते आणि ओढण्या शिवाव्यात आणि दुकानात विकाव्यात. एवढ्यापुरता मात्र आपला नियम मोडावा. काठ बदलू नयेत. रस्त्यात कोणा मुलीच्या अंगावर आपल्या आईची साडी तन्मयला ओळखू आली पाहिजे.

शमीमला साक्षीदार व्हायचे होते, पण जिला मिळते तिने सही करू नये असे वकील म्हणाले. म्हणून ती समोर नुसती बसली आहे आणि रडते आहे.

जयपूर, १२ फेब्रुवारी २००६
सही: वासंती उमाकांत पाटणकर

आमच्यासमोर सही झाली:
१. अनुसया दिनकर लेले, बनी पार्क
२. सुखदेव मीणा, बस्सी